उपचार म्हणजे तोटा

१७ एप्रिल २०२५ रोजी न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात युनायटेडहेल्थ या अमेरिकेतील सर्वांत मोठ्या आरोग्यविमा कंपनीच्या समभागाची किंमत एका दिवसात सुमारे २२ टक्क्यांनी कोसळली. कंपनी बुडाली होती काय? मुळीच नाही, त्या तिमाहीतही तिला अब्जावधी डॉलरांचा नफा झालेला होता. तिने फक्त वर्षाच्या अपेक्षित नफ्याचा आकडा खाली आणला, आणि त्याचे कारण असे दिले की, तिच्याकडे विमा असलेले वृद्ध लोक अंदाजापेक्षा अधिक वेळा डॉक्टरकडे जाऊ लागले आहेत. म्हातारी माणसे दवाखान्याची पायरी चढली आणि बाजार घसरला! डाऊ जोन्स निर्देशांक त्या दिवशी पाचशेहून अधिक अंशांनी उतरला, त्यात सिंहाचा वाटा या एकट्या कंपनीचा होता. निर्देशांक अवघ्या तीस कंपन्यांचा. पण तो उतरला की देशाची प्रकृती बिघडली, असे सांगण्याची आणि मानण्याची तेथे रीत आहे.

या धंद्यातील एक पारिभाषिक शब्द आपल्या कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. विमेदारांनी भरलेल्या हप्त्यांपैकी जेवढा भाग त्यांच्या औषधोपचारावर खर्च होतो, त्या प्रमाणाला तेथे ‘मेडिकल लॉस रेशो’ म्हणतात. लॉस म्हणजे तोटा. रुग्णाला जे मिळाले तो तोटा, आणि त्याला जे नाकारले गेले ती कमाई. ही एखाद्या टीकाकाराची कोटी नव्हे. २०१० साली ओबामांच्या कारकिर्दीत जो आरोग्यविमा कायदा झाला, त्यात हप्त्यांपैकी किमान ८० टक्के, आणि मोठ्या गटांच्या विम्यात ८५ टक्के रक्कम उपचारादी बाबींवर खर्च केलीच पाहिजे असे बंधन घातले गेले, तेही याच नावाने. ज्या सुधारणेचा डेमोक्रॅटिक पक्षाला एवढा अभिमान, तिलाही भाषा मात्र बाजाराचीच उसनी घ्यावी लागली.

मग अमेरिकन जनता हे सहन का करते? या प्रश्नाला आपल्या वर्तुळात एक तयार उत्तर दिले जाते : तेथील माणूस हाडाचा व्यक्तिवादी, त्याला समाजवाद या शब्दाचेच वावडे, शिवाय प्रसारमाध्यमांनी त्याची बुद्धी गहाण टाकलेली. हे उत्तर सोपे आहे आणि आपल्याला थोडे सुखावणारेही आहे. परंतु ते वस्तुस्थितीला धरून नाही. गॅलप संस्थेच्या २०२४ अखेरच्या पाहणीत ६२ टक्के अमेरिकनांनी असे मत दिले की, सर्वांना आरोग्यविम्याचे संरक्षण मिळेल हे पाहणे ही सरकारची जबाबदारी आहे. याहून बोलका पुरावा प्रत्यक्ष मतदानाचा आहे. गरिबांसाठी असलेल्या मेडिकेड या सरकारी योजनेची व्याप्ती वाढवावी काय, हा प्रश्न थेट मतदारांपुढे ठेवला गेला तेव्हा २०१८ मध्ये आयडाहो, नेब्रास्का आणि युटा, २०२० मध्ये ओक्लाहोमा आणि मिझुरी, २०२२ मध्ये साऊथ डकोटा या राज्यांनी ‘होय’ असा कौल दिला. ही सर्व राज्ये अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाच्या पाठीशी उभी राहणारी. मिझुरीच्या मतदारांनी ऑगस्ट २०२० मध्ये मेडिकेडच्या विस्ताराला मान्यता दिली आणि तीनच महिन्यांनी ट्रम्प यांना बहुमत दिले.

यात विसंगती आहे, पण तिला मूर्खपणा म्हणून हिणवण्याचे कारण नाही. याच मिझुरीचे सुपुत्र असलेल्या अध्यक्ष ट्रूमन यांनी १९४५ साली राष्ट्रव्यापी आरोग्यविम्याची योजना मांडली होती. डॉक्टरांच्या बलाढ्य संघटनेने ‘समाजवादी वैद्यक’ अशी हाकाटी करून ती हाणून पाडली. पुढे १९६५ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी वृद्धांसाठीच्या मेडिकेअर कायद्यावर मिझुरीतच जाऊन, वयोवृद्ध ट्रूमन यांच्या साक्षीने स्वाक्षरी केली. आणि २००९ मध्ये ओबामांच्या प्रस्तावावर रणकंदन माजले असता साऊथ कॅरोलायनातील एका सभेत एका गृहस्थाने आपल्या लोकप्रतिनिधीला खडसावले की, सरकारने माझ्या मेडिकेअरला हात लावता कामा नये! हा किस्सा सांगून आजही लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखे फारसे दिसत नाही. सार्वजनिक व्यवस्था हाताशी आली की माणूस तिला आपला हक्क मानू लागतो, आणि ती सरकारने दिली हे विसरण्याइतकी ती त्याच्या अंगवळणी पडते. असे विसरणे हे त्या व्यवस्थेच्या यशाचेच लक्षण नव्हे काय?

खरी गाठ अन्यत्र आहे. अमेरिकन श्रमिकाचे आजारपण आणि म्हातारपण या दोन्ही गोष्टी बाजाराच्या दावणीला बांधल्या गेल्या, आणि हे कोणा एका दुष्ट माणसाच्या कटाने घडले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, सरकारने वेतनवाढ गोठविली; तेव्हा कामगार मिळविण्यासाठी मालकांनी पगाराऐवजी आरोग्यविमा देऊ केला. त्यावर करसवलत मिळाली आणि विमा नोकरीशी कायमचा जखडला गेला. नोकरी गेली की डॉक्टरही गेला! म्हातारपणाचे तसेच. १९७८ च्या महसूल कायद्यात एक किरकोळ वाटणारे कलम घातले गेले. ४०१ (के) हा त्याचा क्रमांक, आणि हेच आज कोट्यवधी अमेरिकनांच्या निवृत्तिनिधीचे नाव झाले आहे. पूर्वी मोठे कारखाने ठरावीक निवृत्तिवेतनाची हमी देत. ते देणे मालकांनी हळूहळू अंगाबाहेर टाकले आणि त्या जागी कामगाराच्या नावाचे एक खाते आले. त्यात त्याचे व मालकाचे पैसे पडतात आणि ते बव्हंशी शेअरबाजारात गुंतविले जातात. बाजार चढला तर म्हातारपण सुखाचे. पडला तर ज्याचे त्याचे नशीब.

याचा परिणाम लोकमतावर काय होतो, ते पाहावे. एखाद्या ट्रकचालकाच्या बायकोची शस्त्रक्रिया विमा कंपनीने नामंजूर केली, तर तो संतापतो. त्याच्या निवृत्तिनिधीतील पैसा ज्या फंडात असतो, त्या फंडाने निर्देशांकातील सर्व कंपन्यांबरोबर याही कंपनीचे समभाग घेतलेले असतात. म्हणजे त्याच्या बायकोला उपचार नाकारून जो नफा झाला, त्यातील एक कण त्याच्याच खात्यावर जमा होतो. तो रुग्णही आहे आणि भागधारकही. संध्याकाळी बातम्यांत निर्देशांक वर गेल्याचे ऐकून त्याला बरे वाटते, ते खोटे नसते. पण हिशेब मांडला तर काय दिसते? अमेरिकेतील निम्म्याहून अधिक कुटुंबांचा शेअरबाजाराशी या ना त्या मार्गाने संबंध आहे हे खरे. परंतु एकूण समभागांच्या मूल्यापैकी सुमारे नऊ दशांश हिस्सा सर्वांत श्रीमंत दहा टक्के कुटुंबांकडे आहे. उरलेल्यांच्या वाट्याला चतकोर येतो, आणि त्या चतकोराच्या बदल्यात संपूर्ण व्यवस्थेला त्यांची मूक संमती मिळते. भांडवलशाहीने आजवर योजलेल्या युक्त्यांत ही सर्वांत यशस्वी युक्ती म्हणावी लागेल.

बाजाराची प्रकृती आणि माणसांची प्रकृती यांची फारकत कोविडच्या साथीत जितकी उघडी पडली तितकी क्वचितच पडली असेल. २३ मार्च २०२० रोजी टेक्ससचे नायब राज्यपाल डॅन पॅट्रिक यांनी दूरचित्रवाणीवर असा आशय व्यक्त केला की, नातवंडांसाठी अर्थव्यवस्था शाबूत राहावी म्हणून आपल्यासारखे आजी-आजोबा जिवाची जोखीम पत्करायला तयार असतील. नोव्हेंबर २०२० मध्ये कोविडच्या मृतांची संख्या अडीच लाखांवर गेली आणि त्याच महिन्यात, २४ तारखेला, डाऊ निर्देशांकाने इतिहासात प्रथमच तीस हजारांचा टप्पा ओलांडला. अमेरिकन माणसाचे सरासरी आयुर्मान २०१९ मध्ये ७८.८ वर्षे होते, ते २०२१ मध्ये ७६.४ वर आले. याच दोन वर्षांत ‘एस अँड पी ५००’ हा व्यापक निर्देशांक आधी सुमारे १६ आणि मग सुमारे २७ टक्क्यांनी वाढला. आयुर्मान २०२३ पर्यंत पुष्कळसे सावरले. पण जे गेले ते काही परत आले नाहीत.

आता २०२५ मधील दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. २ एप्रिलला अध्यक्ष ट्रम्प यांनी जवळपास साऱ्या जगावर आयातशुल्के जाहीर केली. समभाग कोसळले, सरकारी कर्जरोख्यांचे भाव घसरू लागले. आणि आठवड्याच्या आत, ९ एप्रिलला, बहुतेक देशांवरील वाढीव शुल्के नव्वद दिवस स्थगित झाली. ज्या अध्यक्षाला काँग्रेस आवरू शकली नाही, त्याला कर्जरोख्यांच्या व्यापाऱ्यांनी सात दिवसांत आवरले. दुसरी घटना जुलैची. मेडिकेडवरील संघराज्याच्या खर्चात दहा वर्षांत सुमारे नऊशे अब्ज डॉलरांची कपात करणारा कायदा सिनेटमध्ये ५०-५० अशी बरोबरी झाल्यावर उपाध्यक्ष व्हान्स यांच्या निर्णायक मताने संमत झाला. या कायद्यामुळे २०३४ पर्यंत सुमारे एक कोटी लोकांचे विमासंरक्षण जाईल, असा अंदाज काँग्रेसच्याच अर्थसंकल्प कार्यालयाने दिला. बाजाराला यात आक्षेपार्ह काही वाटले नाही. ४ जुलैला कायद्यावर स्वाक्षरी झाली. आदल्या दिवशी एस अँड पी निर्देशांक विक्रमी उंचीवर बंद झाला होता. बाजाराला नकाराधिकार आहे, एक कोटी रुग्णांना तो नाही. मिझुरीचे सिनेटर जॉश हॉली यांनी मे महिन्यात वृत्तपत्रात लेख लिहून मेडिकेडची कपात अनैतिक व राजकीयदृष्ट्या आत्मघातकी ठरविली होती. जुलैत त्यांनी कपातीच्या बाजूने मत दिले.

या कायद्यात आणखी एक कलम आहे. मेडिकेडच्या विस्तारामुळे ज्यांना संरक्षण मिळाले, अशा धडधाकट प्रौढांनी महिन्याला ८० तास काम केल्याचा पुरावा सादर केला पाहिजे. हा प्रयोग आर्कान्सा राज्याने २०१८ मध्येच करून पाहिला होता. न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये तो थांबविला, तोवर अठरा हजारांहून अधिक लोकांची नावे कमी झाली होती. पुढे अभ्यासकांनी तपासले तेव्हा रोजगार वाढल्याचे आढळले नाही. नावे गेलेल्यांतले पुष्कळ जण काम करीतच होते. कागद भरायचे राहिले, एवढाच त्यांचा अपराध. रेशनकार्डासाठी तहसील कचेरीत खेटे घातलेल्या आपल्या वाचकांना यावर अधिक भाष्याची गरज नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये युनायटेडहेल्थच्याच विमा शाखेचे प्रमुख ब्रायन थॉम्पसन यांचा न्यूयॉर्कच्या रस्त्यावर गोळ्या घालून खून झाला. त्यानंतर जी लोकप्रतिक्रिया उसळली, तिने सत्ताधारी वर्ग हादरला. हळहळीपेक्षा लोक आपापल्या नाकारलेल्या दाव्यांच्याच कहाण्या सांगू लागले. खुनाचे समर्थन लोकशाही समाजवादाला करता येणार नाही, आणि ते करण्याचा मोह आपल्यातील काही तरुण मित्रांना झाला, तो त्यांनी आवरावा. एक अधिकारी मेला, त्याच्या जागी दुसरा बसला, दावे नाकारण्याची यंत्रणा जशीच्या तशी चालू राहिली. संघटनेची वाट सापडली नाही म्हणजे संताप असा वाया जातो.

अमेरिकेत संघटनेची परंपरा नव्हती असेही नाही. विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहराने १९१० पासून १९६० पर्यंतच्या काळात तीन समाजवादी महापौर निवडले. त्यांपैकी डॅनियल होन तर १९१६ पासून सलग चोवीस वर्षे त्या पदावर होते. शुद्ध पाणी, मैलानिस्सारण, दवाखाने यांचाच ध्यास घेतल्यामुळे त्यांना त्यांचेच क्रांतिकारक सहकारी ‘गटारी समाजवादी’ म्हणून हिणवीत. याच राज्यात, मॅडिसनच्या विद्यापीठात, जयप्रकाश नारायण विद्यार्थी असताना मार्क्सवादाकडे वळले. मॅडिसनमधील चर्चा आपल्या चळवळीच्या इतिहासात नोंदली गेली. मिलवॉकीच्या गटारांकडे आपण तितके लक्ष दिले नाही, असे मला राहून राहून वाटते.

आणि आपल्याकडे? १ नोव्हेंबर २००५ नंतर महाराष्ट्र शासनाच्या सेवेत आलेल्यांचे हमीचे निवृत्तिवेतन गेले आणि बाजाराशी जोडलेली योजना आली. मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचारी, शिक्षक, परिचारिका जुन्या निवृत्तिवेतनासाठी संपावर गेले, तेव्हा शहरी मध्यमवर्गाच्या तोंडी हाच युक्तिवाद होता की, पैसा बाजारात वाढतो, मग हमी कशाला हवी? डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने विमाक्षेत्रात शंभर टक्के परकीय भांडवलाला वाट करून देणारे विधेयक मंजूर केले. आयुष्मान भारतसारख्या योजनांतून सरकार खासगी रुग्णालयांची बिले भागवते, त्याच वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांच्या जागा रिकाम्या राहतात. आपले कार्यकर्ते ग्रामसभेत कार्डांचे वाटप झाले की नाही एवढेच विचारतात. तालुक्याच्या रुग्णालयात मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि वर्षभरात या योजनांचा किती पैसा जिल्ह्याबाहेरच्या खासगी रुग्णालयांकडे गेला, हे तीन आकडे त्यांनी माहिती अधिकाराखाली मागवावेत आणि पुढच्या सभेत फळ्यावर लिहावेत.