स्वस्तातला मोठा टीव्ही आणि महागडं बिल

उन्हाळा लागला की वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी इथल्या घराघरांत कूलर सुरू होतो आणि बिल शंभर युनिटांच्या पुढे सरकतं. इथूनच खरा फटका बसतो. महावितरणच्या 2024-25 च्या दरपत्रकात पहिल्या 100 युनिटांचा ऊर्जा आकार 4.71 रुपये होता, तर 101 ते 300 युनिटांचा 10.29 रुपये. वहन आकार आणि वीज शुल्क वेगळे. वाढीव दर फक्त पुढच्या युनिटांनाच लागतो, पण तो दुपटीहून जास्त आहे. म्हणून टीव्ही घेताना नुसती किंमत बघून चालत नाही.

हिशोब सोपा आहे. रोज सहा तास टीव्ही चालला, असं धरू. 42 इंची जुना प्लाझ्मा साधारण 250 वॅट घेतो, म्हणजे महिन्याला 45 युनिट. ट्यूबच्या उजेडावर चालणारा जुना एलसीडी 150 वॅटच्या आसपास, म्हणजे 27 युनिट. 43 इंची एलईडी 70 वॅट धरला तर साडेबारा युनिट, आणि 32 इंची एलईडी आठ-नऊ युनिटांत भागतो. क्यूएलईडी हाही मुळात एलईडीच्या उजेडावर चालणारा एलसीडीच. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, त्यामुळे अंधाऱ्या दृश्याला वीज कमी लागते आणि क्रिकेटच्या लख्ख मैदानाला जास्त.

प्लाझ्माचं उत्पादन मोठ्या कंपन्यांनी 2014 च्या सुमारास बंद केलं. पण सेकंडहँड बाजारात असे सेट मिळाले की "एवढा मोठा टीव्ही, एवढ्या कमी पैशात!" म्हणून मोह होतो. एलईडीच्या तुलनेत महिन्याला 32 युनिट जास्त जातात. वरच्या दराने हे सव्वातीनशे रुपये होतात, वर्षाचे चार हजारांच्या घरात. वाचवलेले पैसे दोन वर्षांत बिलात जातात.

नव्या टीव्हीतही आकार महत्त्वाचा. 32 वरून 55 इंचांवर गेलं की पडदा जवळपास तिप्पट होतो आणि वीजही वाढते. दुकानात बीईईच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात. फक्त तारे मोजू नका, तो आकडा वाचा. सारख्याच आकाराच्या दोन सेटची तुलना करा, कारण मोठ्या पाचतारा सेटला लहान तीनतारा सेटपेक्षा जास्त वीज लागू शकते.

एक गोष्ट मात्र आपल्याकडे सर्रास होते. रिमोटने टीव्ही बंद, पण सेट टॉप बॉक्स रात्रंदिवस चालू. दहा वॅटचा बॉक्स चोवीस तासांत महिन्याला सात युनिट खातो, जवळजवळ 32 इंची टीव्हीएवढेच! झोपताना भिंतीवरचं बटण बंद करा, आणि पडद्याची चमक दुकानातल्या 'विविड'वरून घरगुती मोडवर आणा. यासाठी खिशातून एक पैसाही जात नाही.

म्हणून आमचं सांगणं एवढंच: टीव्ही घेण्याआधी मागच्या मे महिन्याचं बिल काढून बघा. ते शंभरच्या पुढे असेल, तर स्वस्त प्लाझ्मा तुम्हाला सगळ्यात महाग पडेल.