दगडातला लेख आणि देहातली चिप

१/ अंबरनाथच्या शिवमंदिराच्या उत्तर द्वारावरील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा. त्यात शिलाहार राजा माम्वाणी याचे नाव आहे. तो वाचण्यासाठी दाराशी उभे राहावे लागते. वाचणारा सर्वांना दिसतो.

२/ लेख देहावर आला की हा तोल बिघडतो. १७९७ च्या नियमाने ईस्ट इंडिया कंपनीने बंगालमध्ये जन्मठेपीच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदवण्यास आरंभ केला. या शिक्षेचे नाव 'गोदना'. ती १८४९ मध्ये रद्द झाली. तोवर कैदी पागोटे खाली ओढून अक्षरे झाकत.

३/ त्वचेखालच्या चिपला पागोटे झाकू शकत नाही; रेडिओलहरी कापडातून आरपार जातात. २००४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तांदळाच्या दाण्याएवढ्या अशा चिपला मान्यता दिली. वाचकयंत्र जवळ आले की ती आपला १६ अंकी क्रमांक सांगे. विचारणारा कोण, हे तपासत नसे. २००६ मध्ये तिची हुबेहूब नक्कल करता येते हे सिद्ध झाले.

४/ पेसमेकर प्राण वाचवतो, म्हणून देहातील प्रत्येक यंत्र त्याज्य ठरत नाही. पण २०१७ मध्ये त्याच प्रशासनाने सुमारे ४,६५,००० पेसमेकरांची आज्ञावली सुधारण्यास सांगितले. जवळून कोणी परका त्यांची बॅटरी संपवू शकला असता किंवा ठोके बदलू शकला असता. कोणास इजा झाल्याची नोंद नव्हती. सावधगिरी वेळेत सुचली, एवढेच.

५/ याउलट नाशिकरोडच्या मुद्रणालयात छापला जाणारा ई-पासपोर्ट पाहा. आतल्या पानावरील छापील ओळी यंत्राने वाचल्याखेरीज त्याची चिप माहिती देत नाही. म्हणजे पुस्तिका उघडणे धारकाच्या हाती राहते. देहाला असे पान नसते.

६/ भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात एक मोलाचे तत्त्व आहे: संमती मागे घेणे, ती देण्याइतकेच सोपे असावे. देहातील चिपच्या बाबतीत मात्र संमती देण्यास एक सुई पुरते आणि मागे घेण्यास शस्त्रक्रिया लागते.

७/ म्हणून उपचाराखेरीज अन्य कारणासाठी, नोकरीची वा प्रवेशाची अट म्हणून, अशी चिप कोणावरही लादता येऊ नये. कायद्याने हे स्पष्ट शब्दांत सांगावे. उपचारासाठी बसवलेल्या यंत्रानेही आधी विचारणाऱ्याची ओळख पटवावी, मगच उत्तर द्यावे. गोदना थांबायला ५२ वर्षे लागली. या वेळी नियम आधी व्हावा.