हसणाऱ्यांस चार शब्द

अमेरिकेत लोक मोटारीच्या गॅरेजात विमान बांधतात, असे सांगितले की आमची शहाणी मंडळी हसतात. "सुटे भाग पेटीतून आलेले! त्यात यांनी बांधले काय?" मग बाजारातल्या कामट्या आणि कागद आणून पोराने केलेला आकाशकंदीलही बाजाराचाच म्हणायचा काय?

पेटी उघडून तर पाहा. व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही जातीच्या विमानाची बहुधा आधी शेपटी होते, मग पंख, मग धड. रिव्हेट हजारोंनी. भोक पाडायचे, त्याची कड साफ करायची. मग एकाने बाहेरून ठोकायचे, दुसऱ्याने आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. ठोकळा तिरपा झाला की रिव्हेट काढा आणि पुन्हा बसवा! अशी वर्षे जातात.

तिथला कायदा म्हणतो, निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वतः, शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी, केलेले हवे. शिक्षणासाठी! मास्तराच्या कानाला हा शब्द गोड लागतो. आमच्याकडे कार्यानुभवाचा तास गणिताला देऊन टाकतात, आणि पालक खूश!

कांदिवलीच्या गच्चीवर अमोल यादवांनी सहा आसनी विमान उभे केले; तेही पेटीतले नव्हे, स्वतःच्या आराखड्याचे. २०१६ साली ते मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात दिमाखाने मांडले गेले. सरकारदरबारी त्याची नोंद व्हायला मात्र २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. प्रदर्शनाला चालते ते विमान नोंदवहीला का चालू नये, हे हसणाऱ्यांनी मला समजावून सांगावे.