कितीही चालतील, पण निदान किती?

आपल्याकडील लग्नपत्रिकेवर ‘सहकुटुंब सहपरिवार’ हे शब्द छापलेले असतात. निमंत्रण एकाच नावाने जाते; पंगतीला पाने किती मांडावी लागतील, हे त्यावरून कळत नाही. संगणकाच्या भाषांतही असे एक सहपरिवार निमंत्रण आहे. एखादी मेथड अशी लिहिता येते की, तिला एक मूल्य द्या, पाच द्या वा पन्नास द्या, ती सर्वांचा स्वीकार करते. आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींना ही सोय फार आवडते, व ती आवडण्याजोगी आहेच. आमचे म्हणणे इतकेच की, यजमानाने हिशेब आधी केला पाहिजे.

सी भाषेतील ‘प्रिंटएफ’ हे सुप्रसिद्ध फंक्शन घ्या. आपणास किती मूल्ये मिळाली, हे जाणण्याचा मार्गच त्याच्यापाशी नाही. आरंभीच्या मजकुरात टक्क्याच्या खुणा जितक्या, तितकी मूल्ये मागून आली असतील, असे ते भाबडेपणाने धरून चालते. खुणा तीन आणि मूल्ये दोनच असली, तर संगणकाच्या स्मृतीत त्या जागी जे पडलेले असेल तेच छापले जाण्याचा संभव असतो. ही नुसती गंमत नव्हे. २००० सालच्या सुमारास याच फटीतून परक्या संगणकांत शिरकाव करण्याच्या युक्त्या उघडकीस आल्या.

जावा भाषेने २००४ साली ही सोय आणताना अधिक शहाणपण दाखविले. प्रकाराच्या नावापुढे तीन टिंबे दिली की, आलेली सर्व मूल्ये एका ॲरेत भरली जातात आणि त्यांची संख्या विचारता येते. पायथनमध्ये नावाआधी एक तारका दिली की झाले.

तरीही एक पाहुणा राहतोच, तो म्हणजे शून्य. गुणांची सरासरी काढणारी मेथड कोणी एकही गुण न देता वापरली, तर शून्याने भागण्याचा प्रसंग येतो. पायथन तेथे निदान ओरडून थांबते. जावा मात्र दशांशाच्या हिशेबात ‘ही संख्याच नव्हे’ असे उत्तर घेऊन निमूटपणे पुढे जाते, आणि चूक भलत्याच ठिकाणी उघडी पडते. यावर उपाय सोपा आहे: पहिले मूल्य स्वतंत्र मागावे व ‘उरलेली कितीही’ असे मागाहून म्हणावे. जोशुआ ब्लॉक यांनी ‘इफेक्टिव्ह जावा’ या ग्रंथात हीच रीत सुचविली आहे. असे केल्यास रिकाम्या हाताने आलेल्यास जावाचा कंपायलर दारातच अडवितो.

बेरजेची गोष्ट निराळी. काहीच न दिल्यास बेरीज शून्य, हे उत्तर बरोबरच आहे. म्हणून प्रत्येक मेथड लिहिताना हा प्रश्न नव्याने विचारावा लागतो.

काही जण म्हणतील, सरळ एक यादीच का देऊ नये? चाळीस विद्यार्थ्यांच्या गुणांना यादीच शोभते, हे आम्हांस मान्य आहे. पण तीन आकड्यांतला मोठा निवडावयाचा, तर त्यासाठी यादी बांधीत बसणे म्हणजे तिघांच्या चहाला पंगत मांडण्यासारखे आहे. पायथनचे ‘मॅक्स’ दोन्ही रीती मानते, आणि कोणी काहीच न दिल्यास निदान एक तरी द्या, असे स्पष्ट बजावते.