जड बाण की हलका?

अकरावीच्या वर्गात एकदा मी फळ्यावर गणित घातले : बाणाचे वस्तुमान निम्मे आणि वेग दुप्पट केला, तर गतिज ऊर्जा किती? उत्तर आले, दुप्पट. 'म्हणजे हलका बाण चांगला', असे वर्गाने ठरवून टाकले. तेव्हा वरसे गावाजवळच्या कातकरी वाडीतून येणारा एक मुलगा म्हणाला, "सर, आजा सांगायचा, रानडुकराला हलका तीर चालत नाही." वर्ग हसला. पण चूक वर्गाची होती, आणि गणित घालणाऱ्या माझीही.

धनुष्य ताणताना आपण जे कार्य करतो, तेवढीच ऊर्जा त्यात साठते. बाण निम्म्या वजनाचा केला म्हणून वेग दुप्पट होत नाही. समजा, बाणाला ३६ ज्यूल ऊर्जा मिळाली. २० ग्रॅमचा बाण सेकंदाला ६० मीटर वेगाने सुटेल, ४० ग्रॅमचा सुमारे ४२ मीटर वेगाने. ऊर्जा सारखीच, पण संवेग पहिल्याचा १.२, तर दुसऱ्याचा १.७ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. शिवाय जड बाण सोडताना धनुष्याच्या दांड्यात कमी ऊर्जा वाया जाते.

मग खोल कोण जाईल? रोध कायम सारखा असता, तर दोन्ही बाण सारखेच रुतले असते. परंतु मांसाचा रोध पाण्यासारखा वेगाबरोबर वाढतो. कुंडलिकेच्या पाण्यात हात हळू घाला, सहज जातो. जोराने थापट मारा, हात झणझणतो. म्हणून जड, सावकाश बाण अधिक आत शिरतो. आज्याचे म्हणणे खरे होते.

याची किंमतही असते. २० मीटर अंतरात हलका बाण सुमारे अर्धा मीटर खाली येतो, जड बाण एक मीटरहून अधिक. म्हणून जड बाणाच्या शिकाऱ्याला सावजाच्या जवळ जावे लागे. उलट, साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनला जगज्जेती झाली, ती ५० मीटरवरच्या लक्ष्यावर. तेथे कागद भेदायचा असतो. म्हणून कार्बन तंतूंचे हलके बाण सोयीचे. बांबूची काडी पोकळ, हलकी, तरी ताठ असते. पुढच्या लोखंडी पात्याने वजन पुढे येते आणि मागची पिसे बाण सरळ ठेवतात.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने शिकार बंद झाली, हे योग्यच झाले. एके काळी जंजिऱ्याच्या नबाबाचे शिकारीचे रान असलेले फणसाड १९८६ पासून अभयारण्य आहे. पण शिकारीबरोबर तिरकमठ्याचे ज्ञानही पुसून जावे काय? मला तसे वाटत नाही.

शिक्षकांनो, वाडीवरच्या एखाद्या आज्याला प्रयोगशाळेत बोलवा. त्याचा बाण तराजूत तोला. दोन टेकूंवर आडवा ठेवून मध्ये वजन टांगा आणि किती वाकतो ते मोजा. बाण सोडण्याची गरजच नाही. आणि मित्रांनो, मागच्या बाकावरून कोणी असे काही बोलले, तर हसण्याआधी वही उघडा. सूत्र तपासण्याची ती संधी असते. त्या दिवशी मी ती जवळजवळ घालवली होती.