यंत्राचा घास

दिवाळीच्या सुट्टीत घरात नातवंडांचे गोकुळ भरले, की दुपारी त्यांना एका जागी बसवायचे कसे, हा आजोबांपुढचा सनातन प्रश्न. गेल्या वर्षी मी चार्ली चॅप्लिनला शरण गेलो. 'मॉडर्न टाइम्स' लावला. नातवाने नाक मुरडले, "आजोबा, हा तर काळा-पांढरा! आणि कुणी बोलतच नाही!"

म्हटले, "पाच मिनिटे बघ. नाही आवडला तर माझ्या वाटणीच्या चकल्या तुझ्या." चकल्या माझ्याकडेच राहिल्या.

हा चित्रपट आला १९३६ साली. बोलपट स्थिरावून कितीतरी वर्षे झाली होती, तरी चार्ली संवाद बोलायला तयार नव्हता. यातली गंमत पाहा. माणसाचा आवाज इथे बहुतेक वेळा ऐकू येतो तो यंत्रातून! मालक ओरडतो तो पडद्यावरून, विक्रेता बोलतो तो तबकडीवरून. शेवटी चार्ली गातो खरा, पण त्या शब्दांना अर्थच नाही.

डेट्रॉइटच्या कारखान्यांतली हकिगत त्याला एका तरुण बातमीदाराने सांगितली होती. शेतावरची धडधाकट पोरे सरकत्या पट्ट्यावर चार-पाच वर्षे राबली, की त्यांच्या मज्जातंतूंची वाट लागे. १९३१ साली लंडनमध्ये तो गांधीजींनाही भेटला होता आणि यंत्रांना तुमचा विरोध का, असे त्याने त्यांना विचारले होते. चित्रपटात मात्र व्याख्यान नाही. पट्टा सरकतो आहे आणि चार्ली नट आवळतो आहे, एवढेच. काम सुटले तरी त्याचे हात आवळतच राहतात.

मी शाळेत असताना हा चित्रपट प्रथम पाहिला, तो अण्णांबरोबर. अण्णा गिरणीत सूतकताईच्या खात्यात होते. त्या झटके देणाऱ्या हातांना सारे थिएटर हसत होते. मीही हसत होतो. शेजारी पाहिले, तर अण्णा आपल्या बोटांकडे बघत होते. तुटलेला धागा सांधताना बोटे जशी फिरतात, तशी त्यांची बोटे झोपेतही फिरायची, हे आईला आणि मला ठाऊक होते.

पुढे ते जेवू घालणारे यंत्र आले. कामगाराची जेवणाची सुट्टी वाचावी, म्हणून मालकापुढे त्याची परीक्षा चार्लीवर होते. यंत्र बिघडते, मक्याचे कणीस तोंडावर गरगरा फिरते, खाद्याबरोबर नटही तोंडात कोंबले जातात. अण्णा हसले ते इथे, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बाहेर पडल्यावर म्हणाले, "आमचा डबा अजून आमच्या हाताने खातो, हे काय थोडे झाले?"

मला अलीकडे त्याच्या जोडीचा दुसरा प्रसंग अधिक भावतो. एक म्हातारा मेकॅनिक यंत्राच्या चाकांत अडकतो, डोके तेवढे बाहेर. इतक्यात जेवणाचा भोंगा होतो आणि यंत्र थांबते. मग चार्ली त्याला स्वतःच्या हाताने भरवतो. भाजलेल्या कोंबडीचे नरसाळे करून कॉफीसुद्धा पाजतो! यंत्राला जे साधले नाही, ते एका वेंधळ्या माणसाच्या हाताला साधले. इतक्या वर्षांनी पोरे याला हसतात, कारण घास भरवणे म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही.

चित्रपट संपला, तेव्हा आमचे चिरंजीव आतल्या खोलीत संगणकापुढे होते. कचेरी परदेशची, तिला कुठली दिवाळी? शेजारी ताट झाकलेले, वरण गार झालेले. चित्रपटातल्या मालकाने ते यंत्र नाकारले होते. आम्ही मात्र जेवणाची सुट्टी खाणारे यंत्र पदरचे पैसे टाकून घरी आणले आहे.

मी काही बोलणार, तोच नातू उठला. त्याने बेसनाचा अख्खा लाडू उचलला आणि बापाच्या तोंडात कोंबला.

पुढची दोन मिनिटे चिरंजीवांचा मूकपट चालला होता.