रेकॉर्डचं सोवळं

रेकॉर्ड जमवणाऱ्या मंडळींत एक कडक सोवळं पाळलं जातं. मूळ प्रेसिंग सगळ्यात शुद्ध. त्याखालोखाल मूळ टेपवरून थेट कापलेला 'ऑल-अ‍ॅनालॉग' महागडा रीइश्यू. वाटेत कुठे डिजिटलचा स्पर्श झाला, की विटाळ. माझं म्हणणं एवढंच की या सोवळ्याचा कानाशी फारसा संबंध नाही.

२०२२चं मोफी प्रकरण घ्या. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी, मूळ मास्टर टेपशी इमान राखणारी म्हणून तिची ख्याती. तिच्या 'वन-स्टेप' रेकॉर्ड्स १२५ डॉलरला जायच्या. एरवी लॅकरवरून धातूचा एक साचा, त्यावरून दुसरा, त्यावरून तिसरा आणि मग छपाई. वन-स्टेपमध्ये मधले टप्पे गाळतात. साहजिकच एका लॅकरमधून फार प्रती निघत नाहीत. अशात कंपनीने 'थ्रिलर'च्या ४०,००० वन-स्टेप प्रती जाहीर केल्या. आता हिशेब करा. एवढ्यांसाठी लॅकर किती लागतील, आणि तितक्या वेळा ती १९८२ची टेप मशीनवर कोण फिरवू देईल? जुलैमध्ये फिनिक्सच्या एका रेकॉर्ड दुकानदाराने व्हिडिओत ही गोष्ट फोडली. मग कंपनीच्या इंजिनिअरांनीच कबूल केलं, की टेप आधी डीएसडी या डिजिटल फॉर्मॅटमध्ये उतरवली जाते. २०११पासून.

लपवाछपवी केली, खटला झाला, तो व्हायलाच हवा होता. पण 'आमचा आवाज नासवला' हा गळा कशाला? अकरा वर्षं ज्या उबदार अ‍ॅनालॉग आवाजावर माना डोलावल्या, तो डिजिटलमधूनच येत होता राव! फसवणूक लेबलवर झाली, खोबणीत नाही.

आणि मूळ प्रेसिंग तरी किती मूळ? माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' घ्या. २ मार्च १९५९च्या सेशनला मास्टर टेपचं मशीन किंचित हळू चाललं. त्यामुळे ती टेप योग्य वेगाने वाजवली की अख्खी पहिली बाजू जरा चढ्या सुरात लागते. आपल्याकडे तंबोरा एवढा चढला तर गवई गाणं थांबवेल. दुसऱ्या मशीनवरची जादा टेप वापरून ही चूक दुरुस्त झाली थेट १९९२मध्ये. म्हणजे जिच्यासाठी लोक वाट्टेल ते मोजतात ती १९५९ची प्रत बेसूर, आणि नंतरचा रीइश्यू सुरात.

'लेड झेपेलिन टू'ची गंमत याहून मोठी. १९६९मध्ये बॉब लडविगने ती दणदणीत कापली. त्याने स्वतः सांगितलेला किस्सा असा, की अटलांटिकच्या अहमत एर्टेगनच्या मुलीच्या साध्या टर्नटेबलवर सुई उड्या मारायला लागली, म्हणून कंपनीने ती पुन्हा, मवाळ कापून घेतली. शेवटच्या कोऱ्या पट्टीत 'आरएल' कोरलेली पहिली प्रत आणि तिच्या मागोमाग आलेली मवाळ प्रत, दोन्ही ओरिजिनलच. मग कुठली पुजायची?

मला खोक्यावरचं सोनेरी विशेषण नको. कुठली टेप, कोणी कापली, मध्ये काय काय झालं, एवढं छापा. फुकटच्या अ‍ॅपलासुद्धा आम्ही चेंजलॉग लिहितो. प्रकरण अंगाशी आल्यावर मोफीही आता टेपपासून लॅकरपर्यंतचे टप्पे डीएसडीसकट जाहीर करते. आणि तरी तिच्या रेकॉर्ड्स विकल्या जातातच.